चानीमास्तर

खारीची भाषा कळणारा माणूस अख्ख्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात एकच आहे आणि तो तोंडवळीला राहतो, याबद्दल सत्यवान खोबरेकरांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. गावाच्या मनात असली, तर तो गावाचा प्रश्न!

सत्यवान पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाले. पस्तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांची पत्रं न वाचता पोचती केली. आता आपणही काहीतरी वाचावं, म्हणून त्यांनी खार वाचायला घेतली. खारीला मालवणीत म्हणतात चानी. मुठीत मावेल एवढा जीव, पाठीवर तीन पट्टे आणि शेपटी बाटली धुवायच्या ब्रशासारखी! घरामागच्या आंब्यावर अशी एक चानी राहायची. सत्यवानांनी आंब्याखाली आरामखुर्ची टाकली, दोनशे पानी वही उघडली आणि दोन वर्षं ते तिच्याकडे बघत बसले.

"लगीन झाल्यापासून माझ्याकडे कधी इतको येळ बघूक नाय तुमी!" त्यांच्या पत्नी सावित्रीबाई स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणायच्या.

"तुझी भाषा कळाक वही लागणा नाय गो," सत्यवान उत्तर द्यायचे आणि पान उलटायचे.

दोन वर्षांच्या तपश्चर्येतून त्यांनी चानीच्या बोलीचं व्याकरण बसवलं. शेपटी झटकत घाईघाईनं चिक्-चिक्-चिक् केलं की समजावं मांजर. हा पहिला इशारा. थांबत थांबत, आभाळाकडे बघत चिक्... चिक्... केलं की घार. हा दुसरा. आणि मान खाली घालून, अंग आखडून, मिनिटंच्या मिनिटं न थांबता चिकचिकाट सुरू झाला की साप! हा तिसरा इशारा. एकदा या तिसऱ्या इशाऱ्यावर सत्यवानांनी आरोळी ठोकली आणि खरोखरच लाकडांच्या ढिगाखालून पुरुषभर लांब धामण बाहेर पडली! त्या दिवसापासून गावानं त्यांना चानीमास्तर अशी पदवी दिली. गावानं ती चेष्टेनं दिली होती. सत्यवानांनी ती मनापासून घेतली.

हे सगळं घरच्या घरात होतं तोवर ठीक होतं. पण त्यांची सून शर्मिष्ठा हिनं गोव्यातल्या हॉटेलातली नोकरी सोडली आणि घरामागच्या दोन खोल्या नीटनेटक्या करून पर्यटकांसाठी होमस्टे काढला. नवरा जहाजावर, म्हणजे सगळी धावपळ तिची एकटीची. कौलं नवी घातली, भिंती रंगवल्या, दारात पाटी लावली. पहिले पाहुणे ठरले नाशिकचे: रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक गायधनी आणि त्यांच्या पत्नी. पहिले पाहुणे खूश होऊन गेले तर गाडी रुळावर, नाहीतर पुन्हा गोव्याची बस!

पाहुणे यायच्या आधी तिनं सासऱ्यांना समोर बसवलं.

"बाबांनू, पावण्यांवांगडा दोनच वाक्यां बोलायची. 'येवा' आणि 'चाय घेतलास?' तिसऱ्या वाक्यात चानी येता कामा नये."

"दुसऱ्या वाक्यात चालात?" सत्यवानांनी विचारलं.

सुनेनं डोळे वटारले. सत्यवानांनी मान डोलावली.

पाहुणे आले त्या दिवशी सत्यवानांनी दोन्ही वाक्यं चोख म्हटली. दुसऱ्या दिवशी सकाळी गायधनी पतिपत्नी मागच्या अंगणात, आपल्या खोलीच्या दारासमोरच्या टेबलावर घावने खायला बसले. उन्हं कोवळी होती, माडांतून वारा येत होता. बाई म्हणाल्या, "किती शांत आहे नाही इथे!"

तेवढ्यात सत्यवान आंब्याकडून धावत आले. स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहून त्यांनी बातमी फोडली.

"सावित्री, आयकलंस? चानी बाळत झाली गो! पोट उतारला तिचा!"

"खंय झाली?" आतून आवाज.

"हंयच खंयतरी. माका थांगपत्तो लागूक दिल्यान नाय!"

"मगे तुमी येवढे नाचतात कित्याक? तुमची कोण लागता ती?"

गायधनीबाईंचा घास हातातच राहिला. मालवणी त्यांना सगळी कळत नव्हती, पण बाळंतपण कळायला भाषा लागत नाही.

"कोण बाळंत झाली हो?" त्यांनी विचारलं.

सत्यवान दचकले. "या," ते म्हणाले. "चहा घेतलात?"

"घेतला. पण बाळंत कोण झाली?"

आता पाहुण्यानं दोनदा विचारल्यावर गप्प बसणं हा उद्धटपणा झाला असता. सत्यवानांनी खुर्ची ओढली आणि कार्यालयात बोलायचे तशी शुद्ध मराठी सुरू केली.

"आमची चानी."

"म्हणजे घरातलीच?"

"घरातलीच म्हणा ना! लहान होती तेव्हापासून इथेच आहे. मागच्या आंब्यावर राहते."

"आंब्यावर?"

"काल संध्याकाळपर्यंत माडावरून उलटी उतरत होती! भरल्या पोटी!"

बाईंनी घावना ताटात ठेवून दिला. प्राध्यापकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"आणि तिचे यजमान?" बाईंनी चाचरत विचारलं.

"यजमान!" सत्यवान खो खो हसले. "अहो, त्यांच्यात कसले यजमान? सव्वा महिन्यापूर्वी एका सकाळी पाच जण लागले होते तिच्या मागे. कौलांवरून, कुंपणावरून, विहिरीच्या कठड्यावरून नुसती पळापळ! मी इथे खुर्चीत बसून सगळं वहीत टिपलंय. वेळेसकट!"

"तुम्ही... बसून बघितलंत?" बाईंचा आवाज चिरकला.

"मध्ये पडायचं नसतं, बाई. निसर्ग आहे. आणि यंदा पाचच होते. मागच्या वर्षी सात!"

बाईंनी नवऱ्याचा दंड घट्ट धरला. प्राध्यापक खाकरले. "पोलिसांत कळवलं नाहीत?"

"पोलिसांचा काय संबंध?" सत्यवान गोंधळले. "फार तर वनखातं."

"वनखातं!"

"आणि आता त्या पाचांपैकी एक तरी फिरकतो का? नाव नको! घर तिनंच बांधायचं, पोरं तिनंच वाढवायची. तीन तरी असतील या खेपेला. वर्षातून दोन-तीनदा हे असंच!"

"वर्षातून तीनदा!" बाईंना हुंदका आला. "खायला तरी घालता का तिला?"

"तिचं ती मिळवते. शेजारच्या भाई मांजरेकरांच्या माडांवर डल्ला मारते. परवा तर आमच्या देवाच्या वाती पळवल्या! अंथरुणाला!"

इथे गायधनीबाईंचा बांध फुटला. त्या ताडकन उठल्या, खोलीत गेल्या आणि स्वतःची कोरी लोकरी शाल घेऊन बाहेर आल्या. डोळ्यांतून धारा! शर्मिष्ठा चहाचा ट्रे घेऊन येत होती. तिच्या हातात शाल कोंबत बाई कडाडल्या, "शिकलेली मुलगी ना तू? तुझ्या घरामागे ओली बाळंतीण झाडावर, अंगाखाली वाती, आणि तू मला घावने वाढतेस? चल! आधी मला तिच्याकडे घेऊन चल!"

शर्मिष्ठेच्या पायाखालची वाळू सरकली. तिनं एकदा बाईंकडे बघितलं, एकदा सासऱ्यांकडे, आणि सगळा प्रकार तिच्या ध्यानात आला.

"बाबांनू!" ती ओरडली. मग बाईंकडे वळून, "काकू, खार हो! चानी म्हणजे खार!"

मग प्राध्यापक हसायला लागले. हसता हसता घावना घशात अडकला, त्यांच्या पाठीत गुद्दे घालावे लागले. बाई हसल्या नाहीत. लाल चेहऱ्यानं त्यांनी शालीची घडी घातली आणि ती परत बॅगेत ठेवून आल्या.

इथेच सगळं थांबलं असतं, तर शर्मिष्ठेनं देवाला नारळ फोडला असता.

पण मिटलेल्या गोष्टीवर आणखी दोन शब्द बोलावेत, म्हणून सत्यवान उठून खोलीच्या दाराजवळ गेले. आणि वरच्या फांदीवरून आवाज आला.

चिक्! चिक्! चिक्! चिक्! चिक्!

चानी! कौलांवर झुकलेल्या फांदीवर ती बसली होती. मान खाली, अंग आखडलेलं, प्रत्येक चिक्काबरोबर शेपटीचा झटका. एक मिनिट झालं. दोन मिनिटं झाली. थांबायचं नाव नाही!

सत्यवानांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

"तिसरा इशारा," ते कुजबुजले.

"म्हणजे?" प्राध्यापकांनी विचारलं.

सत्यवान सावकाश सांगणार होते. पण पस्तीस वर्षं पोस्टाच्या खिडकीतून नावं पुकारलेला गळा तो! आवाज फुटला तो थेट समुद्रापर्यंत.

"साप! पावण्यांच्या खोलीत साप!"

गायधनीबाई बासष्ट वर्षांच्या होत्या आणि गुडघ्यांवर उपचार चालू होते. तरीही त्या जमिनीवरून थेट टेबलावर कशा पोचल्या, हे त्यांनाही पुढे कधी सांगता आलं नाही. मध्ये खुर्ची लागली नाही, ताट लागलं नाही. चटणीची वाटी तेवढी लागली, ती प्राध्यापकांच्या सदऱ्यावर पालथी झाली.

"मी उतरणार नाही!" बाईंनी टेबलावरून जाहीर केलं. "नाशिकची गाडी इथे, या टेबलाला लावा!"

शर्मिष्ठेनं डोळे मिटून घेतले.

'साप' हा शब्द कोकणात पायांनी चालत नाही, उडत जातो. सगळ्यांत आधी कुंपणावरून उडी मारून आले शेजारचे भाई मांजरेकर, हातात काठी घेऊन. भाईंनी आपल्या घराच्या दिशेनं हाक दिली, "खोबरेकराकडे किरडू आसा!" ती हाक देवळापर्यंत पोचली तेव्हा किरडवाचा नाग झाला होता. समुद्रावर जाळी सुकवणाऱ्यांपर्यंत नागाची जोडी पोचली. पाऊण तासात अंगणात पन्नास माणसं, तीसएक मोबाइल आणि दोन कुत्रे जमले. सापाच्या लांबीबद्दल दोन गट पडले, आणि साप अजून कोणी पाहिलाच नव्हता!

मग मोटारसायकलवरून सर्पमित्र बाबू गावडे आला. हातात लोखंडी आकडा, कमरेला पिशवी. गर्दीनं त्याला वाट करून दिली.

"खंय आसा?" बाबूनं विचारलं.

"पावण्यांच्या खोलयेत," सत्यवान म्हणाले.

"कोणी बघल्यान?"

"चानीन."

बाबूनं मान वर करून फांदीकडे बघितलं. चानी बोंबलतच होती. "मास्तरांनू, नक्की ना?"

"चानी खोटा बोलणा नाय!"

बाबू आत शिरला. पलंगाखाली बघितलं, न्हाणीघरात बघितलं, गादी उलटली. पाहुण्यांची बॅग पलंगावर रिकामी केली, एकेक कपडा झटकला. गायधनी प्राध्यापकांचे झटकलेले कपडे बघायला खिडकीशी झुंबड उडाली. बाई टेबलावरून ओरडत राहिल्या, "अहो, तो निळा नका दाखवू लोकांना!"

साप नाही!

"म्हणजे वर आसा," भाईंनी निदान केलं. "कौलांत."

"कौलां काढू नको रे बाबू!" शर्मिष्ठा पुढे धावली. "घालून आठ दिस नाय झाले!"

"नाग आसा तर कौलां काय चाटूक व्हयी?" भाई म्हणाले, आणि गर्दीनं माना डोलावल्या. दुसऱ्याची कौलं काढायला गाव नेहमीच एकमतानं तयार असतं.

बाबू शिडीवरून छपरावर चढला. सत्यवान खाली दाराशी उभे राहून चानीच्या आवाजावरून दिशा सांगू लागले. "उजवीकडे! वायच वर! आता तिचो सूर चढलो, म्हणजे जवळ इलंस तू!" एक कौल निघालं, दोन निघाली, पाच निघाली. शर्मिष्ठा खालून मोजत होती आणि प्रत्येक कौलागणिक तिचा चेहरा उतरत होता. चौदाव्या कौलाला बाबूचा पाय कौलांखालच्या लाकडी रिपेवर पडला. नवी रीप कडाडली आणि बाबूचा एक पाय मांडीपर्यंत खोलीत आला!

त्या पायाबरोबर सांदीतून फुटबॉलएवढं काहीतरी सुटलं आणि धप्पकन पलंगावर पडलं.

"पडलो! पडलो! किरडू पडलो!"

मग जे झालं त्याला पळापळ म्हणणं म्हणजे वादळाला झुळूक म्हणणं! सगळ्यांत पुढे भाई होते, काठी सगळ्यांत मागे राहिली. एक माणूस माडावर दिसला, तो वर कसा गेला कोणी पाहिलं नाही. प्राध्यापक टेबलावर बायकोशेजारी होते. टेबल करकरत होतं. कुत्रे तर परत दिसलेच नाहीत.

छपराच्या भोकातून बाबूचं डोकं उलटं लोंबलं. त्यानं खाली नीट निरखून बघितलं.

"ह्या किरडू न्हय," तो म्हणाला. "ह्या घर आसा."

एकेक जण हळूहळू परतला. पलंगावर, झटकलेल्या कपड्यांच्या ढिगावर, नेमक्या त्या लोकरी शालीवर, एक घरटं पडलं होतं. काथ्या, सुकं गवत, सावित्रीबाईंच्या देवाच्या वाती, शर्मिष्ठेच्या नव्या पोछ्याचे दोरे. आणि मधोमध सोललेल्या कोलंबीसारखी तीन पिल्लं! गुलाबी, केस नाहीत, डोळे मिटलेले, पट्टे अजून उमटायचे होते.

"अगं बाई!" गायधनीबाईंच्या तोंडून निघालं. "बाळंतीण इथे होती!"

सत्यवानांचे डोळे भरून आले. सकाळपासून ज्याचा थांगपत्ता लागत नव्हता ते डोळ्यांसमोर होतं. वही उराशी धरून ते एक पाऊल आत गेले.

चिक्! चिक्! चिक्! चिक्! चानी आढ्यावर येऊन बसली होती.

सत्यवान आदरानं दोन पावलं मागे आले. आवाज बंद.

पुन्हा पुढे गेले. चिक्! चिक्! चिक्!

पुन्हा मागे. बंद.

टेबलावरून प्राध्यापक गायधनी हे बघत होते. चाळीस वर्षं प्रयोगशाळेत काढलेला माणूस! त्यांच्या डोळ्यांत चमक आली.

"एक मिनिट! खोबरेकर, जरा पुढे व्हा. हं. आता मागे. पुढे. मागे." ते टेबलावरून उतरले. "आता दुसरं कोणीतरी जा बघू. बाबू, तुम्ही जा."

बाबू छपरावरून उतरला आणि आकड्यासकट घरट्यापाशी जाऊन उभा राहिला. चानी चूप!

भाई गेले. चूप. सावित्रीबाई गेल्या, घरट्यावर वाकून वाती ओळखल्या, "माझ्योच गो ह्यो!" असं मोठ्यानं म्हणाल्या. तरी चूप! शेवटी उत्सुकता सापापेक्षा मोठी ठरली. गायधनीबाई टेबलावरून उतरल्या आणि थेट पिल्लांपाशी गेल्या. चानीनं त्यांच्याकडे बघून नुसतं नाक हलवलं.

"आता खोबरेकर," प्राध्यापक म्हणाले.

चिक्! चिक्! चिक्! चिक्!

"कदाचित टोपी असेल. टोपी काढा."

चिक्! चिक्! चिक्!

"डोक्यावरून टॉवेल घ्या."

टॉवेलमध्ये गुंडाळलेले सत्यवान ठेचकाळत एक पाऊल पुढे आले. चिक्! चिक्! चिक्! पन्नास माणसं आता पोट धरून हसत होती. माडावरचा माणूस हसता हसता निम्म्यापर्यंत घसरला.

"निष्कर्ष स्पष्ट आहे," प्राध्यापकांनी जाहीर केलं. "साप म्हणजे तुम्हीच!"

"अशक्य!" सत्यवान टॉवेलातून म्हणाले. "दोन वर्षांच्या नोंदी आहेत माझ्याकडे!"

शर्मिष्ठेनं त्यांच्या हातून वही घेतली. मध्येच एक पान उघडलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं.

"'सकाळी सात दहा. खुर्ची मांडली. सात अकरा. तिसरा इशारा. साप, पण दिसला नाही. सात चाळीस. चहा प्यायला आत गेलो. इशारा बंद. साप गेला असावा. सात पंचावन्न. परत आलो. साप परत आला.'"

ती थांबली. पुढचं वाचायची गरजच उरली नव्हती. सत्यवानांनी टॉवेल डोक्यावरून काढला. आ वासलेला तसाच राहिला होता. पस्तीस वर्षांत एक पत्र चुकीच्या घरी गेलं नव्हतं, आणि दोन वर्षं रोज येणारी ही पत्रं त्यांच्याच नावाची होती!

"मास्तरांनू," बाबू आकडा खाली ठेवत म्हणाला, "खरा सांगा. ह्याच्या आदी घरट्यात कधी हात घातललास?"

"एकदा. पोरां मोजूक."

"एकदा?"

"...चार येळा."

"आणि शिडी लावून बघलास?"

"शिडी रोज," सावित्रीबाईंनी परस्पर सांगून टाकलं.

बाबूनं कपाळावर हात मारला. "पोरांची आवस ती! तुमका इसारतली कशी?" मग त्यानं सगळ्यांना समजावलं. घरटं मोडलं की चानी पिल्लं तोंडात धरून दुसरीकडे नेते. पण आधी तिला इथे यायचं धाडस व्हायला हवं. सगळ्यांनी लांब उभं राहायचं, हू की चू करायचं नाही. "आणि तुमी, मास्तरांनू, लांब न्हय. तुमी नसायचाच!"

सत्यवानांची रवानगी फाटकाबाहेर, रस्त्यावर झाली. मधोमध घर, मागचं अंगण दिसायची सोय नाही. ज्या गावानं कधी चानीकडे मान वर करून बघितलं नव्हतं, ते अख्खं गाव पिल्लांसमोर रांगेत उभं होतं. आणि चानीमास्तर एकटे रस्त्यावर, एसटीच्या ओसाड थांब्यासारखे!

त्यांचा फोन वाजला. पडद्यावर शर्मिष्ठेचा व्हिडिओ कॉल. तिनं काही न बोलता फोन पलंगाकडे फिरवला. सत्यवानांना घरटं दिसलं, शाल दिसली, आणि छपराच्या भोकातून भिंतीवरून उलटी उतरणारी चानी दिसली. ती थांबली. शेपटी थरथरली. शालीवर आली. एका पिल्लाला तिनं नाकानं उलथलं, त्याच्या पोटाला दातांत अलगद धरलं, पिल्लू चेंडूसारखं गोल होऊन तिच्या गळ्याला बिलगलं, आणि सरसर सरसर भोकातून बाहेर! मिनिटाभरात परत. दुसरं नेलं. गायधनीबाई तोंडावर पदर धरून उभ्या होत्या. भाईंनी श्वास रोखला होता.

तिसऱ्या पिल्लाला तिनं धरलं मात्र, रस्त्यावर सत्यवानांना राहवलं नाही. "हळू गो बाय, हळू..." ते फोनमध्ये कुजबुजले.

खोलीत, शर्मिष्ठेच्या हातातल्या फोनमधून, तो आवाज घुमला.

पिल्लू शालीवर पडलं आणि चानी फोनकडे तोंड करून बसली. चिक्! चिक्! चिक्! चिक्!

"मास्तरांनू, गप ऱ्हवा!" पन्नास माणसं एका आवाजात ओरडली. ती आरोळी घराला वळसा घालून सत्यवानांच्या कानांवर फोनशिवायच आदळली. त्यांनी फोन छातीशी दाबला, तोंडात रुमाल कोंबला आणि श्वासही बंद केला. पाच मिनिटांनी शर्मिष्ठेचा संदेश आला. 'तिसरा पण गेला. सुखरूप. भाईकाकांच्या माडाच्या शेंड्यात.'

कौलं बसवायला बाबूबरोबर भाईही चढले. आपल्या माडावर तीन नवे चोर राहायला आल्याचा त्यांना बसलेला धक्का अजून ओसरला नव्हता, पण एवढ्या लोकांनी पाहिल्यावर हाकलणार कसे? दुपारपर्यंत छप्पर झालं. शर्मिष्ठेनं भीत भीत पाहुण्यांना विचारलं, "गाडी बोलावू का, काकू?"

"कशाला?" गायधनीबाई म्हणाल्या. "त्या खोलीतला कोपरान् कोपरा सर्पमित्रानं तपासलाय. एवढी खात्रीची खोली मला कुठे मिळणार? आम्ही आणखी दोन दिवस राहणार आहोत." आणि अभिप्रायाच्या कोऱ्या वहीत पहिलाच अभिप्राय त्यांनी लिहिला. "जेवण उत्तम. साप नाही. आजोबांना बोलायला लावू नये."

शर्मिष्ठेनं तो तीन वेळा वाचला आणि सकाळपासून पहिल्यांदा हसली. मग चहाचा पेला घेऊन ती फाटकाबाहेर गेली. सत्यवान कठड्यावर बसले होते. तिनं पेला त्यांच्या हातात दिला.

"चला घरात," ती म्हणाली. "पावणे विचारतत तुमका."

"तू रागावलंस नाय?"

"चौदा कौलांचो राग आसा. तो सावकाश काढतलंय."

सत्यवान फाटकातून आत आले. प्राध्यापक, बाई, भाई, सगळे अंगणात बसले होते. सत्यवानांचं पाऊल अंगणात पडलं आणि शेजारच्या माडाच्या शेंड्यावरून आवाज आला.

चिक्!

"मास्तरांनू, बघल्यान तुमका!" भाई ओरडले, आणि पुन्हा हशा उसळला.

सत्यवान थबकले. कान लाल झाले. पण मग त्यांनी टोपी सरळ केली, छाती पुढे काढली आणि पाहुण्यांना खड्या आवाजात सांगितलं, "पाहिलंत? अख्ख्या तोंडवळीत एवढी माणसं! पण ती ओळखते कोणाला? फक्त मला!"

एवढं बोलून, आपल्याकडे कोणी बघत नाहीसं बघून, ते हळूच दोन पावलं मागे सरकले.